उपायाचा रकाना

११ ऑक्टोबर, शनिवार

जुनी वही भरली, आज नवी काढली. कारखाना सोडून दोन वर्षं झाली तरी तांडेल साहेबांनी लावलेली सवय सुटत नाही. ते आमचे लाईनवरचे सुपरवायझर. पहिल्याच दिवशी पानावर पाच रकाने पाडायला लावले होते: तारीख, गिऱ्हाईक, तक्रार, कारण, उपाय. तक्रार गिऱ्हाईकाच्या तोंडची लिहायची, त्यात आपली अक्कल घालायची नाही. पार्ट यायचा असेल तर उपायाचा रकाना कोरा चालेल. "पण कारणाचा रकाना कोरा ठेवलास ना हार्दिक, तर तू मेकॅनिक नाहीस, भगत आहेस," असं म्हणायचे.

रकान्यात मावत नाही ते मी मागच्या पानांवर लिहितो. आई म्हणते, एवढं लिहितोस तर वकील तरी झाला असतास, घरात बूट घालणारा एक माणूस दिसला असता.

पहिली खरी ऑर्डर मिळाली आहे. आतापर्यंत आगरातले, म्हणजे आमच्या किनाऱ्यावरच्या गावातले, लोक बंद पडलेले बल्ब आणून माझ्या टेबलावर आपटायचे, झालं. ही ऑर्डर अठरा दिव्यांची, आणि दिवे मंद-प्रखर होणारे हवेत. म्हणजे त्यांचे ड्रायव्हर मीच बनवणार. ड्रायव्हर म्हणजे दिव्याच्या पोटातली छोटी पाटी, घरातली वीज एलईडीला झेपेल तेवढीच ती पुढे सोडते. दिवा मंद केला तरी लुकलुकणार नाही असा ड्रायव्हर बनवणं येरागबाळ्याचं काम नाही. मला येतं.

गिऱ्हाईक सुकी. तलासरीच्या पुढे उधव्याकडे जाताना आत एक पाडा आहे, तिथली. बायकांच्या गटाने अंड्यांसाठी तीनशे कोंबड्या घेतल्यात, शेड सुकीच्या घरामागे, त्यामुळे सगळं तीच बघते. दिवस लहान झाला की कोंबड्या अंडी कमी करतात, म्हणून संध्याकाळी दोन तास उजेड द्यायचा. आणि तो एकदम घालवायचा नाही, नाहीतर घाबरून एकमेकींवर पडतात. मावळल्यासारखा हळूहळू कमी करायचा.

मला पहिल्या वाक्यापासून तू म्हणाली. त्यांच्यात सगळ्यांनाच तू, कलेक्टर आला तरी तू. पहिल्या दहा मिनिटांत तिने मला सगळं सांगून टाकलं. दरवर्षी दिवाळी झाली की ती आणि लाहू, तिचा नवरा, वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडाला परत येतात. पोरगी निलम यंदा दहावीला आहे. आईबाप भट्टीवर गेले की पोरगीही जाते, मागे एकटी ठेवणार कुणाच्या जिवावर?

"कोंबड्या राहिल्या तर आम्ही राहू," म्हणाली. "आम्ही राहिलो तर ही परीक्षेला बसंल."

मी म्हटलं, बसेल. असं म्हणायला आपलं काय जातं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दिवे बसवले. पूर्ण उजेडात शेड लग्नाच्या मांडवासारखी दिसत होती. पाड्यावरच्या बाया बघायला आल्या. मग मी ऐटीत डिमर फिरवला आणि अर्ध्यावर येताच अठराच्या अठरा दिवे लुकलुकायला लागले. कोंबड्यांनी कालवा केला. एका बाईने पदर तोंडाला लावला, हसली असणार.

मीटरजवळचा एक सांधा सैल होता, तो घट्ट केला. फरक नाही. त्यात शेजारची पिठाची चक्की सुरू झाली की लुकलुक दुप्पट. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

तक्रार (सुकीच्या शब्दांत): "तुझे दिवे डोळे मिचकावतात."

१८ ऑक्टोबर, शनिवार

सापडलं असं वाटतंय. डिमर जुन्या पिवळ्या बल्बांसाठी बनलेला. एलईडी इतकी कमी वीज घेतात की डिमरला हातात काही धरल्यासारखंच वाटत नाही, मग तो सोडतो, परत धरतो, सोडतो. त्याच लाईनीवर कोपऱ्यात एक साठचा पिवळा बल्ब जोडला. लुकलुक बंद. निलम शेडमध्ये पोत्यावर बसून गणितं करत होती, घरापेक्षा इथला उजेड चांगला म्हणाली. मी म्हटलं, कर बाई कर, माझ्या दिव्याखाली पास झालीस तर पेढा मला पहिला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

कोंबड्या एकमेकींच्या शेपट्या टोचतायत. सुकीने फोन केला म्हणून सणासुदीला गाडी काढली. मला बहीण नाही, त्यामुळे या दिवशी मी असाही घरात अडगळच असतो.

दिवे डोळ्याला शांत दिसत होते. पण निलम म्हणाली, इथे अर्धा तास वाचलं की कपाळ ठणकतं. मग फोनचा कॅमेरा दिव्यासमोर धरला, तर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले. म्हणजे उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतोय, फक्त आपल्या डोळ्यांना कळत नाही. नेटवर वाचलं, कोंबडीचा डोळा आपल्यापेक्षा चपळ असतो, तिला ते दिसतं. म्हणजे गेले पाच दिवस तीनशे जीव माझ्या लुकलुकत्या दिव्याखाली बसलेत आणि मी पेढ्याच्या गोष्टी करतोय. लाज वाटली.

निघताना सुकीने थांबवलं. तिचा भाऊ यंदा दिवाळीला न थांबताच भट्टीवर गेला होता. ताटात दिवा, कुंकू, तांदूळ. मला पाटावर बसवून ओवाळलं. मी खिशात हात घातला तर म्हणाली पैसे काढू नको. मग आठवलं, गाडीवर गोणी होती. घरातलीच, वाळलेल्या बोंबील-मांदेलीचा चुरा, आम्ही कुटी म्हणतो, कोंबड्यांना खाण्यात घालतात. तीच ओवाळणी म्हणून दिली. लाहू म्हणाला, ओवाळणीत मासळी पहिल्यांदाच बघतोय. सगळे हसले, मीही हसलो.

परत येताना फार बरं वाटत होतं. उगाच लिहून ठेवतो.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

सुकीचा फोन: कुटी घातल्यापासून अंडी वाढली. चला, एक तरी गोष्ट बरोबर केली.

नवे ड्रायव्हर बनवायला बसलोय. प्रत्येकात मोठा कॅपॅसिटर घालायचा. कॅपॅसिटर म्हणजे पाण्याच्या टाकीसारखं: वरून नळ थांबून थांबून आला तरी खालची धार एकसारखी राहते. तशी वीज साठून एकसारखी जाईल.

पण या घरात कुणी काम करू देईल तर शपथ. दोन दिवस आभाळ भरलंय, आज अवकाळी शिंतोडेही आले. वाळत घातलेली मासळी ओली झाली. आईने हाका मारून मारून जीव खाल्ला. सोल्डरिंग गन गरम ठेवून उठलो आणि मिठागरावरून मिठाच्या दोन गोण्या आणून दिल्या. एरवी आमचे बोंबील नुसत्या उन्हावर वाळतात, पण असं आभाळ आलं की कुजायच्या आधी खारवावं लागतं. आल्यावर बघतो तर एक बोर्ड जळालेला. आईवर ओरडलो. ती म्हणाली, बोर्ड तुझा, मासळी माझी, पोट दोघांचं.

२ नोव्हेंबर, रविवार

नऊ दिव्यांत नवे ड्रायव्हर घातले. बाकीचे नऊ पुढच्या खेपेला.

रिकाम्या हाताने जायला लाज वाटते. आई बाजारात होती. परसात कोपऱ्यातल्या ढिगातून कुटीची गोणी गच्च भरली आणि दोरीने गाडीला बांधली. आईला विचारलं असतं तर म्हणाली असती, धंदा करतोस की दानधर्म? म्हणून विचारलं नाही. ही गोणी पहिलीपेक्षा जड होती, भावाने दिली तर अशी द्यावी. सुकीने दोन्ही हातांनी घेतली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सहा कोंबड्या मेल्या. अंगावर टोचल्याची खूण नाही. सुकी म्हणाली, झिंगल्यासारख्या चालतात आणि बसतात. पाणी फार पितात, खालच्या विहिरीवरून रोज दोन हंडे जास्त आणावे लागतात. मी म्हटलं, उजेडामुळे जास्त वेळ जाग्या राहतात, म्हणून पाणीही जास्त.

मग एक युक्ती केली. बागेतल्या छोट्या दिव्याची सोलर पट्टी जुन्या स्पीकरला जोडली आणि दिव्याखाली धरली. उजेड थरथरत असेल तर स्पीकर गुणगुणतो. घूंऽऽ असा आवाज शेडभर घुमला. सुकी दचकून मागे सरकली. म्हणाली, हे असं ओरडतात होय दिवे, आणि आम्हांला ऐकू येत नाही. मी म्हटलं, आपल्याला नाही, त्यांना दिसतं. तिने कोंबड्यांकडे असं पाहिलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

नवे ड्रायव्हर घातलेले दिवेही गुणगुणतात, थोडे कमी. घरी येऊन कॅपॅसिटर मोजले. वर लिहिलंय एक, आत भरतंय निम्म्याहून कमी. जुना, सुकलेला माल माझ्या गळ्यात मारलाय. मीही न मोजता लावला. तांडेल साहेब असते तर कानाखाली काढली असती.

९ नोव्हेंबर, रविवार

अकरा झाल्या. खायला देताना सुकीने मूठभर कुटी हातात घेऊन विचारलं, "दादा, ह्यात मीठ असतं का रे?"

माझं डोकंच सटकलं. लोकांना सगळ्यात दोष दिसतो. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे बोंबील मीठ लावून वाळवत नाहीत, अख्ख्या किनाऱ्याला विचार. आणि हीच कुटी खाऊन अंडी वाढली होती ना? ती म्हणाली, "तसं न्हाय, विचारलं फक्त." मी म्हटलं, दोष माझ्या दिव्यांत आहे तो मी कबूल करतो, पण आईच्या हातच्या मासळीला नाव ठेवू नको. निलमने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुस्तकात डोकं घातलं.

नंतर वाटलं, जरा जास्तच बोललो. पण दमलोय मी. आज रकान्यात लिहिण्यासारखं काही नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चांगले कॅपॅसिटर कुरियरने येतायत. तोवर शेडमधला जुना डिमर काढून टाकला, त्याच्यावर विश्वास नाही. आता सगळ्या दिव्यांना एकाच मोठ्या ड्रायव्हरवरून सरळ, एकसारखी वीज देणार, मंद करायचं बटणही त्याच्यावरच. असं केलं तर लुकलुकीला जागाच उरत नाही.

शेडमध्ये सगळं ओलं. खालचा भुसा चिखल झालाय, कोंबड्यांची विष्ठा पाण्यासारखी, त्या ओलीने माझ्या जोडांवर हिरवा गंज चढलाय. एक जोड तर हातात तुटून आला. मी सुकीला सांगितलं, संध्याकाळी पाण्याची भांडी उचलून ठेव, सकाळी दे.

"तान्हेल्या ऱ्हातील रे," ती म्हणाली.

मी म्हटलं, झोपलेल्याला कसली तहान. आणि मला वायरिंग कोरडं हवं, नाहीतर मी हात वर करतो. तिने मान हलवली.

जाताना कुटीची तिसरी गोणी दिली. आजारी जिवाला चांगलं खायला लागतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

झालं. संध्याकाळी साडेसहाला दिवे लावले. मंद करत करत पार पणतीएवढे केले, एकाही दिव्याने डोळा मिचकावला नाही. फोनच्या कॅमेऱ्यात पट्टे नाहीत. मग सोलर पट्टी धरली आणि स्पीकरला कान लावला. आवाज नाही. एकेका दिव्याखाली नेली, अठराही दिव्यांखाली. काही नाही. मी सुकीला, लाहूला, निलमला बोलावून ऐकवलं. लाहू म्हणाला, काहीच ऐकू येत नाही. मी म्हटलं, तेच तर ऐकायचंय.

पाण्याची भांडी सुकीने उचललेली होती, मी बघून घेतलं.

दोन वर्षांत असं काम केलं नव्हतं. वाटेत गाडी थांबवून एकट्यानेच चहा प्यालो, दोन कप. तांडेल साहेबांना फोन लावावासा वाटला, पण त्यांचा नंबर कधीचा लागत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सातला फोन आला. निलम बोलत होती.

बेचाळीस.

गेलो. लाहूने शेडबाहेर ओळीने मांडून ठेवल्या होत्या. ज्या जिवंत होत्या त्या सकाळी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यांवर एकमेकींना तुडवत चढत होत्या. मी दिवे तपासले. दुसरं काही येत नाही मला. आवाज नाही, पट्टे नाहीत, वीज सरळ. फॉल्ट नाही. फॉल्ट नाही आणि बेचाळीस मेल्या, मग कारणाच्या रकान्यात लिहायचं काय?

जनावरांच्या डॉक्टरांना लाहूने फोन केला होता. ते लांबच्या गावांत लसीकरणाला होते, गुरुवारी येतो म्हणाले. पाड्यावर सगळे बोलतायत की दिव्याने कोंबड्यांचे डोळे गेले, डोकं फिरलं. मला ऐकू जाईल असंच बोलतात. खोटं तरी काय आहे त्यात? जवळजवळ महिनाभर मी त्यांना त्या थरथरत्या उजेडात ठेवलं. आतून काहीतरी बिघडलं असेल, आता उजेड सुधारून काय उपयोग.

१९ नोव्हेंबर, बुधवार

एकशेदहा गेल्या.

लाहूने भगताला आणलं. म्हातारा उकिडवा बसला, सुपात तांदळाचे दाणे मांडून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, दर्याकडून काहीतरी आलंय. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दर्याकडून आलेला तिथे मी एकटाच. माझे कान तापले. गाडीला किक मारून निघणार होतो, पण सुकी आडवी आली आणि म्हणाली, चहा घेतल्याबिगर जायचं नाही, तू भाऊबीजेचा भाऊ. चहा घेतला आणि निघालो.

पांड्या मुकादमही येऊन गेला म्हणे. भट्टीवर माणसं नेणारा तो. सुकीने त्याला सांगितलं, यंदा नाही येत. तो म्हणाला, टेम्पो मंगळवारी निघेल, तोवर बघ.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल डॉक्टर आले नाहीत, त्यांची गाडी बंद पडली. आज सुकीने फोनवर सांगितलं की दोनशेच्या वर गेल्या, अंडं तर एकही नाही. गटातल्या बायांनी येणं सोडलं, ती आणि निलम दोघीच खड्डे खणतात. निलम आठवडाभर शाळेत गेलेली नाही.

मी म्हटलं, दिवे बंदच ठेव आता. ती म्हणाली, बंदच आहेत, सोमवारपासून.

म्हणजे चार दिवस अंधार आहे आणि तरी मरतायत. मी हे ऐकलं आणि फोन ठेवला. मेकॅनिकला एवढं कळायला हवं की दिवा बंद करूनही तक्रार राहिली तर फॉल्ट दिव्यात नाही. पण माझं डोकं तिथे जातच नाही. मला सारखं वाटतंय की उजेडाचं विष भिनलंय त्यांच्यात आणि ते मीच घातलंय. जेवण जात नाही. आई कपाळाला हात लावून बघते. टेबलावरचे सगळे बोर्ड खोक्यात भरून माळ्यावर टाकले. कशाला या फंदात पडलो? बापासारखा होडीवर गेलो असतो, फार तर मी एकटा बुडालो असतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज आई परसात नारळाच्या झाडांची आळी खणत होती. मला म्हणाली, नुसता बसलायस तर कोपऱ्यातली कुटी आणून बुडात घाल. मी कोपऱ्यात गेलो, ढीग पाव उरला होता. आई येऊन उभी राहिली. अर्ध्याहून जास्त गेला कुठे, विचारलं.

मी म्हटलं, मी नेला. सुकीच्या कोंबड्यांना.

आईच्या हातातलं खोरं खाली पडलं. म्हणाली, "अरे, ती खारवलेली होती. शिंतोडे आले तेव्हाची. माडाला घालायला ठेवलेली. ती कोंबडीला घालतात का? मीठ चढून मरतात ना त्या."

मी विचारलं, मरतात म्हणजे कशा? तिने सांगितलं. पाणी पाणी करतात, ढाळतात, झिंगतात, बसतात. पाणी मिळालं तर एखादी वाचते, नाही मिळालं तर संपलं. तिच्या लहानपणी माहेरच्या परसातल्या चार अशाच गेल्या होत्या. आगरातल्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत असतं म्हणाली. मला माहीत नव्हतं. मी लहानपणापासून टेबलावर मान घालून बसलोय.

आत येऊन ही वही उलटी चाळली. सगळं आहे हिच्यात. मिठाच्या गोण्या मीच आणल्या, तारखेसह. कोपऱ्यातल्या ढिगातून मीच भरली. पहिली गोणी पावसाच्या आधीची, म्हणून अंडी वाढली. दोन हंडे जास्त. झिंगल्यासारख्या चालतात. भांडी उचलून ठेव. माझ्याच अक्षरात, माझ्याच पेनाने. शाळेतल्या पोराला वाचायला दिलं असतं तर त्याने पाचव्या पानावर सांगितलं असतं.

सुकीला तीनदा फोन लावला. बंद.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

उजाडता निघालो. पोचलो तेव्हा टेम्पो फाट्यावर उभा होता. पाड्यावरची चार घरं चढत होती. लाहू भांड्यांचं बोचकं बांधत होता. निलम आधीच वर बसली होती, शाळेचं दप्तर मांडीवर, त्यातून तव्याची मूठ बाहेर आलेली. माझ्याकडे बघून तिने मान वळवली. शेवटच्या पंधरा-वीस कोंबड्या सुकीने शेजारणीला दिल्या होत्या.

मी सगळ्यांसमोर सांगितलं. दिवे नव्हते, मीठ होतं. माझ्या गोणीतलं. आणि पाणी मी उचलायला लावलं. दोनदा सांगावं लागलं. पांड्या मुकादम हॉर्न वाजवत होता.

मला वाटलं होतं सुकी शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. ती म्हणाली, "मी चाखली होती रे. दुसरी गोणी. खारट लागली."

मी म्हटलं, मग घातलीस का? फेकून का नाही दिलीस?

"ओवाळणी कोण फेकतं?" ती म्हणाली. "आन् विचारलं होतं ना तुला. तू शिकलेला. तू न्हाय म्हणलास."

लाहूने तिला हात दिला, ती चढली. मी धावत जाऊन म्हटलं, निलमला माझ्याकडे ठेव, आगरला, आई आहे घरात, परीक्षेपर्यंत. सुकीने निलमकडे पाहिलं. निलमने नाही अशी मान हलवली. का हलवणार नाही? माझ्या घरातून जे आलं त्याने मेलेल्या कोंबड्या तिने आपल्या हातांनी खड्ड्यात पुरल्या होत्या. टेम्पो गेला. सुकीने वळणापर्यंत हात हलवला, भावाला हलवतात तसा.

मग शेडमध्ये गेलो. दिवे उतरवून न्यावे असा विचार होता. बटण दाबलं, अठराही लागले. एकही लुकलुकला नाही. रिकाम्या शेडमध्ये उभं राहून मी तो उजेड पुन्हा पार खालपर्यंत मंद केला. चांगलं काम आहे. बंद केलं आणि तसेच ठेवून आलो.

आता घरी बसून रकाने भरतोय. नऊ नोव्हेंबरची ओळ मी रिकामी सोडली होती, लिहिण्यासारखं काही नाही म्हणून. ती आज भरली.

तारीख: ९ नोव्हेंबर.
गिऱ्हाईक: सुकी.
तक्रार: "दादा, ह्यात मीठ असतं का रे?"
कारण: होतं. तिने विचारलं, मी ऐकलं नाही.

उपायाचा रकाना कोरा ठेवला आहे.